आईसाहेबांचा शेवटचा हुकूम

मारियेनरीड,
सप्टेंबर १८१७

प्रिय अफ्रा,

अक्षर ओळखलंस का? बोटं आता वाकडी झाली आहेत, ओळ सरळ जात नाही. पण मी वाल्बुर्गाच, प्रार्थनेच्या बाकापाशी तुझ्या डाव्या हाताला उभी राहणारी आणि कडाक्याच्या थंडीत तुझ्या बाहीत हात खुपसणारी. तुझा ठावठिकाणा मला एका वाइनच्या व्यापाऱ्यानं सांगितला. तो राईनपलीकडून आला होता, आमच्या पडवीत घोडा बांधून पाऊस थांबायची वाट बघत होता. म्हणाला, "स्पायरजवळ आमच्या गावात एका मोजणीदाराची बायको आहे, तुमच्याच बाजूची. इतकी वर्षं झाली पण हेल काही सुटला नाही. रागावली की काय बोलते ते एका नवऱ्यालाच कळतं." मी विचारलं, मोजणीदाराचं नाव क्विरिन का? तर हो म्हणाला. तुला तीन मुलं आहेत, धाकटी मुलगी तुझ्यासारखीच गाते, आणि तुझ्या घराचं दार दिवसभर उघडंच असतं, हेही त्यानं सांगितलं. अफ्रा, मी हसले. फार दिवसांनी हसले, त्यामुळे गालच दुखले.

तुमच्याकडे आता बव्हेरियाच्या राजाचा अंमल आहे म्हणे. त्याआधी फ्रेंचांचा बादशहा, त्याआधी फ्रेंचांचंच प्रजासत्ताक, आणि त्याआधी बिशप. इथेही तसंच. परवा बाजारात एका शिपायानं मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या प्रजा?" तर मला क्षणभर थांबून आठवावं लागलं. गंमत बघ, फ्रेंच आपल्याकडे राज्य घ्यायला कधी आलेच नाहीत. आले ते जाता-येता, कोंबड्या आणि गवत नेण्यापुरते. त्यांनी घेतला तो राईनचा पलीकडचा काठ. तिकडे ज्यांची राज्यं बुडाली ते आपलेच राजे-उमराव भरपाई मागायला बसले, आणि भरपाई म्हणून मठ वाटून घेतले. शेजाऱ्याचं घर जळालं म्हणून त्याला आमचं घर देऊन टाकलं, असा तो न्याय. मी पुष्कळ वर्षं यावर चिडत होते. आता चिडायलाही अंगात बळ लागतं.

मठ ताब्यात घेतला तो दिवस तुलाही आठवत असेल, पण मला लिहू दे, कारण त्याबद्दल बोलायला इथे आता कोणी उरलं नाही. आईसाहेब सकाळपासून पायरीवर उभ्या होत्या. मठाच्या मालकीण, आजूबाजूच्या गावांच्या राणी, ज्यांच्या वर फक्त सम्राट आणि देव. अंगणातल्या लिंडेनच्या झाडाखाली बसून ज्यांनी बांधाचे तंटे सोडवले, चोरांना शिक्षा दिल्या, पोरक्या मुलींची लग्नं लावली, त्या हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या. आणि समोरून मठाचा नवा मालक, तो उमराव, आला तो कसा, तर चिखलात रुतलेल्या गाडीतून उतरून चालत, म्हाताऱ्या आईला हाताला धरून. त्याचंही राज्य गेलेलं, वाडा गेलेला. किल्ल्या घेताना त्यानं आईसाहेबांच्या अंगठीवर ओठ टेकले आणि म्हणाला, "मला क्षमा करा. मला दुसरीकडे कुठे जागा दिली नाही हो." त्याची आई ओसरीवर बसून रडत होती. पलीकडच्या आपल्या वाड्याच्या स्वयंपाकघरात फ्रेंच शिपाई राहतात, आपल्या पितळी भांड्यांत घोड्यांना पाणी पाजतात, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला गरम दूध तूच नेऊन दिलंस. आपल्याला लुटायला आलेल्यांना आपणच दूध पाजायचं, असा तो काळ. त्या उमरावाबरोबरच तुझा क्विरिन आला, खांद्यावर मोजणीची साखळी टाकून, आणि आपली शेतं मोजता मोजता तुझ्यापाशी येऊन थांबला.

तू गेलीस त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. व्रत सोडलेल्यांना तिकडे पलीकडे फ्रेंच कायद्यानं लग्न करता येत होतं, इकडे नव्हतं. तू तिकडे गेलीस. फक्त तू गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नसणार. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जेवायला बसलो तेव्हा आईसाहेबांनी तुझ्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "ते नाव या घरात पुन्हा निघायचं नाही." निघालं नाही. पत्र लिहिणं तर दूरच. तुझा वाडगा कोणी उचलला नाही, कोणी वापरलाही नाही. पुढे एकदा मांजरानं तो पाडला तेव्हा आईसाहेब स्वतः खाली बसून खापऱ्या वेचू लागल्या. कोणी मदतीला गेलं तर हातानंच दूर सारलं.

नव्या मुली घ्यायच्या नाहीत असा हुकूम झाला होता. आहेत त्यांनी मरेपर्यंत राहावं, मग इमारत रिकामी. म्हणजे आमचं मरण हीच सरकारची सोय. एकेक करून बायका गेल्या. प्रत्येक वेळी बाकावर आम्ही सरकून बसायचो, म्हणजे मधली फट दिसू नये. मग सरकायलाही कोणी उरलं नाही. गेल्या फेब्रुवारीपासून सकाळची प्रार्थना मी आणि आईसाहेब दोघीच म्हणतो. त्या म्हणतात एक ओळ, मी म्हणते दुसरी. त्या ओळ विसरल्या की मी दोन्ही म्हणते.

उमरावाचंही फार काळ चाललं नाही. तीन वर्षांत स्टुटगार्टचा राजा फ्रेंचांच्या बाजूनं लढून मोठा झाला आणि त्यानं आसपासचे सगळे छोटे उमराव गिळले. त्यात आमचाही. एक दिवस तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन चुलीजवळ बसला. टोपी मांडीवर घेऊन म्हणाला, "आईसाहेब, आजपासून मीपण प्रजा." आईसाहेब वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सवय होईल. पहिली तीन वर्षं जड जातात." तो इतका मोठ्यानं हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. त्यानंतर तो अधूनमधून येऊन बसायचा. दोन बुडालेली राज्यं एका चुलीपाशी शेकत बसलेली मी कितीदा तरी बघितली.

नव्या राजाला शेतं नको होती, माणसं हवी होती. आपल्या गावांतून कधी कोणी सक्तीनं सैन्यात गेलं होतं का? मठाचं सैन्य म्हणजे मिरवणुकीत भाले धरणारे चार म्हातारे. राजानं मात्र फ्रेंचांच्या बादशहासाठी पोरं उचलली ती मुळासकट. तुझ्या वेंडेलिनला नेलं ते तुला कळलंच असेल. तो परत आला नाही हेही कोणाकडून तरी तुझ्यापर्यंत पोचलं असेल. पण कसा गेला, ते तुझ्या भावजयीलाही ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक आहे, आणि तुझ्या भावाबद्दल तुला कोणीतरी नीट सांगायला हवं.

आपल्या बाजूनं रशियाला गेलेल्यांतला एकच माणूस परत आला, गिरणीवरचा गालुस. पायाची बोटं तिकडेच राहिली, डावा कान गेला. आला तेव्हा त्याच्या बायकोनं ओळखलं नाही, भिकारी समजून कुंपणावरून पाव दिला. तो पाव त्यानं तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, आणि मग म्हणाला, "अजून एक दे गं, मी गालुस." तो सांगतो, वेंडेलिन शेवटपर्यंत गप्पा मारत होता. कुठलीशी नदी गोठली होती, मागं रांगा तुटल्या होत्या. दोघं एका मेलेल्या घोड्याच्या आडोशाला टेकून बसले. वेंडेलिन म्हणाला, "माझी बहीण पळून गेली तेव्हा गावानं आम्हाला लई बोल लावले. मला मात्र बरं वाटलं बघ. म्हटलं, आमच्या घरातलं एक माणूस तरी आपल्या मनानं कुठंतरी गेलं." त्यानंतर त्याला झोप आली. गालुसनं हलवून बघितलं, उठला नाही. त्रास झाला नाही, असं गालुस शपथेवर सांगतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आहे. तूही ठेव.

राजाला अशा लंगड्या शिपायांचं काय करायचं हा प्रश्न होता, म्हणून गालुसला आमच्या मोठ्या धान्यकोठाराचा राखणदार केलं. तेच, ज्याच्या माळ्यावर आपण सफरचंदं वाळवायचो. त्या कोठारातल्या धान्यावर उमराव म्हणे माझा हक्क, राजा म्हणे माझा. दोघांचे वकील कोर्टात भांडत होते, आणि निकाल लागेपर्यंत कोठाराच्या दाराला लाखेचा शिक्का. निकाल काही लागत नव्हता; दर सुगीला शिक्का काढून साऱ्याचं धान्य आत भरायचे आणि पुन्हा शिक्का, असं ते साठत होतं. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण बाहेर शेतं पिकत होती.

मग गेल्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. तुमच्याकडेही तसंच झालं असेल. जूनमध्ये बर्फ पडला, पेरलेलं सगळं उभ्या उभ्या काळं पडलं, बटाटे जमिनीतच सडले. हिवाळा कसाबसा निघाला. वसंतात मात्र माणसं पडू लागली. कोंड्यात लाकडाचा भुसा घालून पाव भाजत होते. पोरं कुरणात गोगलगायी वेचत होती. माणसं मठाच्या दाराशी येऊन उभी राहायची, कारण शेकडो वर्षं भूक लागली की इथेच यायचं हे त्यांच्या पायांना माहीत. माझ्या कोठीत काय होतं? आमच्या दोघींच्या वाट्याचं ओटचं पीठ. ते पाण्यात इतकं पातळ करायचं की तळ दिसायचा. त्यातलं एकेक ओगराळं वाढताना मी कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. आणि त्यांच्या पाठीमागे, अंगणापलीकडे, ते कोठार. उंदीरसुद्धा लठ्ठ झाले होते.

ईस्टरनंतरच्या सोमवारी एका बाईनं दारात मेलेलं मूल आणून ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "याला पुरायला तरी जागा द्या, आईसाहेब. आमचं कब्रस्तान भरलंय." आईसाहेबांनी मूल हातात घेतलं. ऐंशीच्या घरात आहेत त्या, पाय सुजलेले, दोन वर्षं चर्चच्या पायऱ्याही मी धरून उतरवायची. त्यांनी मूल माझ्या हातात दिलं, खुंटीवरची मानाची काठी काढली, चांदीच्या मुठीची, जी आम्ही कधीच विकली नव्हती कारण ती विकायचं कोणाच्या मनातच आलं नाही, आणि चालू लागल्या. मला वाटलं, चर्चकडे निघाल्या. त्या अंगण ओलांडून सरळ कोठाराकडे गेल्या. माणसं बाजूला झाली आणि मग त्यांच्या मागोमाग चालू लागली. 

गालुस दारात बंदूक घेऊन उभा होता. आईसाहेब त्याच्यासमोर थांबल्या. म्हणाल्या, "गालुस, दार उघड." तो म्हणाला, "आईसाहेब, राजाचा शिक्का आहे." "दिसतोय मला. उघड." "मला फाशी देतील, आईसाहेब." त्या म्हणाल्या, "तुला मी हुकूम देते आहे. हुकूम देणाऱ्याला जाब विचारतात, पाळणाऱ्याला नाही. उघड." अफ्रा, त्या माणसानं त्या रशियात काय काय हुकूम पाळले असतील! आईसाहेबांकडे बघता बघता त्याचा चेहरा कसा होत गेला ते मला सांगता येणार नाही. त्यानं टोपी काढली. बंदूक भिंतीला टेकवली. म्हणाला, "इतकी वर्षं हुकूम पाळतोय, पण असला कोणी दिलाच नव्हता." आणि बंदूक पुन्हा उचलून तिच्या दस्त्यानं शिक्का फोडला.

लूट झाली नाही, हे मी तुला मुद्दाम लिहिते, कारण पुढे कागदोपत्री लूट असंच लिहिलं गेलं. आईसाहेब उंबऱ्यात तिपाईवर बसल्या, काठी आडवी मांडीवर. घरातली माणसं मोजून प्रत्येकाला धान्य दिलं. मूल चर्चमध्ये ठेवून आले आणि मापं मी भरली. आजारी असतील त्यांना आधी. एका शेतकऱ्यानं दोनदा रांग धरली तर त्या म्हणाल्या, "मार्टिन, तुझ्या बापालाही मी हेच करताना पकडलं होतं." सगळे हसले. भुकेनं सुजलेली तोंडं ती, पण हसली. संध्याकाळपर्यंत कोठार रिकामं झालं होतं, आणि गावागावांतून धूर निघत होता.

चौथ्या दिवशी अंमलदार आला, सोबत शिपाई. तरुण माणूस, चेहऱ्यानं वाईट नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेला अंमलदार फार वाईट. त्यानं गालुसला बेड्या घातल्या आणि आईसाहेबांना म्हणाला, "बाई, इथे तुमचा हुकूम चालत नाही, कळलं का?" त्या म्हणाल्या, "चालला की. कोठार बघा ना." तो लाल झाला. त्याला दंगा नको होता. त्याला काय भीती होती ते हळूहळू कळलं. एक म्हातारी काठी घेऊन चालली आणि अख्खी गावं तिच्या मागं गेली, ही गोष्ट स्टुटगार्टला कळली होती. जुना राजा गेल्या वर्षीच वारलेला, त्याचा मुलगा गादीवर नुकताच बसलेला. जुन्या धन्यांची आठवण लोकांना यावी हे दरबाराला परवडणारं नव्हतं.

गालुसला सगळा उन्हाळा शहरातल्या तुरुंगात ठेवलं. त्याची बायको रोज आमच्याकडे यायची, कोपऱ्यात बसून सूत कातायची. ऑगस्टमध्ये पहिली पिकाची गाडी गावात आली. बैलांच्या शिंगांना फुलं बांधली होती, माणसं गुडघे टेकून रडत होती. मला मात्र ती बाईच दिसत होती. तिनं गाडीकडे पाठ फिरवली होती.

मग अंमलदार पुन्हा आला. या वेळी एकटा. आईसाहेबांसमोर उभा राहून म्हणाला, गालुसला सोडता येईल. एका अटीवर. आईसाहेबांनी राजाचा मुलूख सोडून जायचं, गाजावाजा न करता, पुन्हा न येण्यासाठी. मठ एका सूतगिरणीवाल्याला विकायचा ठरला आहे. मी म्हटलं, "साहेब, त्यांना किती दिवस राहिलेत? इथेच राहू द्या. मागच्या सगळ्या आईसाहेब चर्चच्या फरशीखाली आहेत, यांचीही जागा तिथे खोदून ठेवली आहे, नावसुद्धा कोरलं आहे. फक्त साल टाकायचं राहिलंय." तो माझ्याकडे बघेना. आईसाहेबांनी एकच विचारलं, "त्याला कधी सोडाल?" तो म्हणाला, "तुमची गाडी हद्दीबाहेर गेल्याचं कळलं की, त्याच दिवशी." त्या म्हणाल्या, "मग गाडी लवकर बघायला हवी."

 त्यानंतर दोन दिवस त्या थडग्याच्या त्या दगडापाशी जाऊन बसायच्या, आणि मी बोलवायला गेले की उठून यायच्या. आमचं कोण आहे, अफ्रा? सगळ्या गेल्या. माझा भाऊ गेला, त्याची मुलं मला ओळखतही नाहीत. आईसाहेबांचे नातेवाईक ज्या वाड्यात राहत होते तिथे आता बराक आहे. उमराव जवळच राहतो, पण तोही याच राजाच्या मुलखात. मी मनातल्या मनात एकेक नाव घेत होते आणि खोडत होते. एक नाव मात्र घेत नव्हते, कारण ते या घरात घ्यायचं नव्हतं.

ते नाव काल सकाळी त्यांनीच घेतलं. प्रार्थनेनंतर, बाकावरून उठता उठता. म्हणाल्या, "वाल्बुर्गा, अफ्राला लिही." मी इतकी चमकले की पुस्तक हातातून पडलं. त्या पुढे म्हणाल्या, "तिला विचार, तिच्या घरात दोन म्हाताऱ्यांना कोपरा मिळेल का. तिच्या नवऱ्यालाही विचारायला सांग, त्याचंही घर आहे. आणि हे बघ, माझं नाव घालून हुकमासारखं लिहू नकोस. विनंती कशी लिहितात ते मला येत नाही, कधी लिहावी लागली नाही. तुला येत असेल तर तू लिही." मलाही कुठे येते? म्हणून काल सकाळपासून मी हे सगळं लिहीत बसले आहे, आणि विनंती अजून लिहिलेली नाही. ती ही अशी: अफ्रा, आम्हाला ठेवून घेशील का? आईसाहेबांना जिना चढवत नाही, खालचीच खोली लागेल. त्या थोडंसंच खातात. मी अजून कपडे धुऊ शकते, पाव भाजू शकते, तुझ्या धाकटीला गाणी शिकवू शकते. नाही म्हणालीस तरी मला समजेल, त्यांनाही समजेल. फक्त लवकर कळव, कारण गालुस आत आहे.

तुझीच,
वाल्बुर्गा